एक नोव्हेंबर आला कुठून?

नवव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या ओएंगस नावाच्या भिक्षूने वर्षभरातल्या संतांचे दिवस पद्यात गुंफले. त्याच्या रचनेत सर्व संतांचा सण येतो २० एप्रिलला. आज तो असतो त्या १ नोव्हेंबरला नाही.

ही एक नोंद समोर ठेवली की हॅलोविनबद्दल, म्हणजे या सणाच्या आदल्या रात्रीबद्दल, दर ऑक्टोबरात फिरणारी गोष्ट डळमळायला लागते. गोष्ट अशी : केल्ट लोकांचा, म्हणजे आयर्लंड-ब्रिटनकडच्या ख्रिस्तपूर्व लोकांचा, मृतांचा एक सण ३१ ऑक्टोबरच्या रात्री असायचा. चर्चला तो मोडता येईना, म्हणून चर्चने त्याच तारखेवर सर्व संतांचा सण आणून बसवला आणि जुन्या देवाला नवा झगा चढवला. ऐकायला एकदम पटतं. पण ज्या आयर्लंडमधला सण झाकायचा होता, तिथलंच चर्च संतांचा सण एप्रिलमध्ये करत असेल तर मग झाकलं काय?

तारखेचा माग पायरीपायरीने काढता येतो. रोममधलं पॅन्थिऑन हे जुनं देवालय पोप बोनिफेस चौथा याने इ.स. ६०९ च्या सुमारास मरिया आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे केलं, तो दिवस १३ मे. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरा याने सेंट पीटर्समध्ये सर्व संतांसाठी वेगळं प्रार्थनालय उभारलं. इ.स. ८०० च्या आसपास यॉर्कचा विद्वान अल्कुइन साल्झबर्गच्या आर्नोला पत्र लिहितो आणि १ नोव्हेंबरच्या सणाची भलामण करतो. म्हणजे तोवर इंग्लंड आणि जर्मनीकडे ही तारीख रुळत होती. ८३५ मध्ये पोप ग्रेगरी चौथा आणि सम्राट लुई द पायस यांच्या काळात ती फ्रँक साम्राज्यभर लागू झाली. आयर्लंडकडे ती बाहेरून आली. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा मुद्दा १९९६ मध्ये सविस्तर मांडला, आणि माझ्या मते त्याला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

यात एक गंमतशीर पेच आहे. जी तारीख चर्चने मागे सोडली, ती १३ मे, तीच खरं तर रोमन लोकांच्या भुताखेतांची तारीख होती. ९, ११ आणि १३ मे हे लेमुरियाचे दिवस. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठायचा, हात धुऊन काळ्या घेवड्याचे दाणे मागे न बघता टाकायचा आणि त्या दाण्यांच्या मोबदल्यात स्वतःला आणि घरच्यांना सोडवतोय असं नऊ वेळा म्हणायचा. रोमन कवी ओव्हिडने हे सगळं लिहून ठेवलंय. मृतांचा जुना सण ताब्यात घ्यायचा हाच हेतू असता तर मे सोडून नोव्हेंबरला जायचं कारण नव्हतं.

मग मृतांचा संबंध आला कुठून? तो चर्चनेच आणला. क्लुनी मठाचा प्रमुख ओडिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना आदेश दिला की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांसाठी प्रार्थना करावी. तीच प्रथा युरोपभर पसरली आणि पुढे पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावरही उतरली. वसईत, मुंबईच्या गावठाणांत, गोव्यात २ नोव्हेंबरला घरची माणसं कबर धुतात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, धर्मगुरू दफनभूमीत फिरून पाणी शिंपडतात. त्या मेणबत्तीचा धागा फ्रान्समधल्या मठापर्यंत जातो.

आता साउइनकडे, म्हणजे त्या केल्ट सणाकडे वळू. Samhain हे स्पेलिंग वाचून लोक 'सामहेन' म्हणतात. उच्चार 'साउइन'च्या जवळचा आहे आणि आजच्या आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्यालाच हे नाव आहे. सण खरा होता, जुना होता, यात शंका नाही. मध्ययुगीन आयरिश कथांत वर्षाचे चार सांधे येतात, त्यांतला हा हिवाळ्याचा. गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची, ज्यांना हिवाळाभर वैरण पुरणार नाही ती कापायची, सरदारांनी जमायचं, खायचं-प्यायचं, तंटे सोडवायचे. एका कथेत उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरची सभा साउइनच्या आधी तीन दिवस, त्या दिवशी आणि नंतर तीन दिवस चालते. त्या रात्री टेकड्यांतली दारं उघडतात आणि आतले लोक बाहेर येतात, हेही आहे. पण ते टेकडीतले लोक म्हणजे घरचे पितर नव्हेत. पितरांसाठी पान वाढलं, दिवा लावला, असा उल्लेख या कथांत सापडत नाही. शिवाय हे सगळं लिहिलं ते ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी, आयर्लंड ख्रिस्ती होऊन काही शतकं उलटल्यावर. त्याआधीचं म्हणून एक जुनं काँस्य-पंचांग दाखवतात, फ्रान्समधल्या कोलिन्यी गावात १८९७ मध्ये सापडलेलं, दुसऱ्या शतकातलं. त्यात 'सामोनिओस' नावाचा महिना आहे आणि त्यात तीन रात्रींची एक नोंद. मात्र तो महिना उन्हाळ्यात येतो की शरदात, यावरच अभ्यासकांत वाद आहे. त्यावर मृतांचा अख्खा सण उभा करणं म्हणजे एका विटेवर माडी बांधणं.

साउइन नावाचा मृत्यूचा देव होता असंही वाचायला मिळतं. तसा देव नव्हता. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये नेमणुकीवर असलेला ब्रिटिश लष्करी अभियंता चार्ल्स व्हॅलन्सी याने शब्दांच्या आवाजावरून भलती नाती जोडली, त्यातून हे निघालं. 'केल्टिक नववर्ष' ही कल्पना त्याहून अलीकडची. वेल्श विद्वान जॉन ऱ्हीस यांनी १८८६ मध्ये व्याख्यानांत ती मांडली, मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी तिला मृतांच्या सणाची जोड दिली आणि तिथून ती शाळेच्या पुस्तकांपर्यंत गेली. रोमन देवी पोमोनाचंही तसंच. हॅलोविनला सफरचंदं असतात आणि पोमोना फळांची देवी, म्हणून जोडलं. रोमन पंचांगात पोमोनाच्या सणाची तारीखच सापडत नाही. सफरचंदं असतात कारण ऑक्टोबरात सफरचंदं निघतात.

इतके शहाणे लोक का चुकले, हे समजून घेण्यासारखं आहे. सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या चर्चने शुद्धिस्थानाची, म्हणजे मेल्यावर आत्मा जिथे शुद्ध होतो त्या जागेची, शिकवण टाकून दिली. मेलेल्यांसाठी प्रार्थना व्यर्थ ठरली, त्यांच्यासाठी रात्रभर घंटा वाजवणं गुन्हा झाला. पण गरीब लोक दारोदार जाऊन मृतांच्या नावाने छोटी पोळी मागायचे, ती सवय राहिली. शेकोट्या राहिल्या. मुलांची सोंगं राहिली. सणातला चर्चचा अर्धा भाग कापला गेला आणि उरलेला अर्धा बिनधन्याचा पडून राहिला. दोन-अडीचशे वर्षांनी लोककथा गोळा करणारे खेड्यांत गेले तेव्हा त्यांना हा उरलेला अर्धा दिसला. त्यात येशू नाही, संत नाहीत, म्हणजे हे ख्रिस्तपूर्व असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. वास्तविक ते जुन्या कॅथलिक सणाचे अवशेष होते.

आणि 'हे पेगन आहे' हा आरोपही मुळात घरातलाच. 'पेगन' हा शब्द आधी खेडवळ माणसासाठी होता आणि ख्रिस्ती लोकांनी तो इतरांना लावला, कुणी स्वतःला पेगन म्हणवून घेत नव्हतं. सतराव्या शतकात प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक प्रॉटेस्टंट, लोकांनी हा शब्द कॅथलिक सणांवर वळवला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट तिन्ही रद्द केले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ साजरा केला तर ५ शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ मध्ये गेला. १६८७ मध्ये बोस्टनचे पाद्री इन्क्रीझ मॅदर यांनी नाताळ म्हणजे सॅटर्नालिया हा रोमनांचा डिसेंबरातला सणच, असं लिहिलं. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ मध्ये. आज जे लोक सगळे ख्रिस्ती सण उसने आहेत म्हणून सांगतात, ते बहुधा नकळत या प्युरिटन पाद्र्यांचंच बोलणं पुढे नेत असतात.

नाताळच्या तारखेचा पुरावा फार जवळून बघण्यासारखा आहे. इ.स. ३५४ मध्ये रोममध्ये फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने एका श्रीमंत माणसासाठी वही तयार केली. मूळ वही हरवली, नकला उरल्या. त्यातल्या सरकारी पंचांगात २५ डिसेंबरपुढे त्रोटक अक्षरांत 'अजिंक्याचा जन्मदिवस, रथशर्यती ३०' अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. जन्मदिवसासाठी तिथे नुसतं 'एन' हे अक्षर आहे, 'नातालिस' या शब्दाचं. पोर्तुगीजांनी त्याचं 'नाताल' केलं आणि आपण 'नाताळ'. त्याच वहीत दुसऱ्या ठिकाणी हुतात्म्यांची यादी आहे, आणि तिची पहिली ओळ : जानेवारीच्या कॅलेंड्सच्या (एक तारखेच्या) आधी, दोन्ही टोकं धरून, आठव्या दिवशी यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. तोही २५ डिसेंबर. ही यादी ३३६ च्या सुमाराची मानतात.

म्हणजे सूर्याची नोंद आणि ख्रिस्ताची नोंद एकाच वहीत. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्याचं देऊळ बांधलं हे खरं, पण ते २५ डिसेंबरला अर्पण झालं असं त्या काळचा कुठलाही लेख सांगत नाही. कुणी कुणाकडून घेतलं हे यावरून ठरत नाही. दुसरा मार्ग हिशेबाचा आहे. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस २५ मार्च देतो. ज्या तारखेला गर्भधारणा त्याच तारखेला मरण, असं धर्मपंडित ऑगस्टीन पुढे लिहितो. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे तीच तारीख ६ एप्रिल धरत, त्यात नऊ महिने मिळवले की ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मसोहळा करतं. दोन वेगळ्या तारखा एकाच रीतीने सुटतात, म्हणून मला हिशेबाचं पारडं जड वाटतं. तरी सूर्याचा संबंध शून्य होता असं म्हणणंही चूक ठरेल. पाचव्या शतकात पोप लिओ चिडून सांगतो की लोक सेंट पीटर्सच्या पायऱ्या चढून आत जाण्याआधी मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला नमस्कार करतात.

ईस्टरबद्दल चुका सर्वांत सोप्या असतात. 'ईस्टर म्हणजे इश्तार', ती बाबिलोनची देवी, हा दावा स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर हिस्लॉप यांच्या १८५८ च्या कॅथलिकविरोधी पुस्तकामुळे पसरला. इश्तार अक्कादी भाषेतली, ईस्टर जर्मानिक भाषांतला. त्या शब्दाचं नातं लागतं ते पहाटेशी, आपल्या वेदांतल्या उषस्शी. शिवाय हे नाव इंग्रजी आणि जर्मनपुरतंच आहे. युरोपातल्या इतर बऱ्याच भाषा 'पास्का'ची रूपं वापरतात, गोव्याच्या कोकणीतही तोच शब्द, आणि त्याच्या मागे हिब्रू 'पेसाह', ज्याला मराठी बायबल 'वल्हांडण' म्हणतं. ईस्टरचं नाव जिच्यावरून आलं म्हणतात त्या एऑस्त्र नावाच्या देवीचा उल्लेख फक्त बीड या इंग्रज भिक्षूने ७२५ मध्ये केला, तोही एका महिन्याचं नाव समजावताना. अंडी आणि ससे तिच्याबरोबर त्याने लिहिलेले नाहीत. अंड्यांचं कारण साधं आहे : चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नाहीत, म्हणून उपवास सुटताना घरात अंड्यांची रास असते. राजा एडवर्ड पहिला याच्या १२९० च्या हिशेबात वाटण्यासाठी घेतलेल्या ४५० अंड्यांचे १८ पेन्स लावलेले आहेत. ससा तर १६८२ मध्ये एका जर्मन वैद्याच्या लेखनात भेटतो. हिस्लॉपचंच म्हणणं १९६६ मध्ये नव्याने लिहिणारे अमेरिकन उपदेशक राल्फ वुड्रो यांनी पुढे पुरावे तपासले, स्वतःचं खपणारं पुस्तक मागे घेतलं आणि १९९७ मध्ये ते चुकीचं का होतं याचं दुसरं पुस्तक लिहिलं. या सगळ्या वादात मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

असा दावा समोर आला की मी आधी सगळ्यात जुना लिखित उल्लेख कोणत्या साली, कोणत्या गावी आणि कुणाच्या हातचा, एवढं विचारते. मग तो माणूस कुणाशी भांडत होता ते बघायचं. उल्लेख १८५० नंतरचा आणि प्रथा 'हजारो वर्षांची' असेल तर मधली शतकं कोणी भरली हे विचारायचं. आणि प्रथेला ऋतूचं, शेताचं, चुलीचं सरळ कारण आहे का, हे शेवटी नव्हे, सुरुवातीलाच तपासायचं. उदाहरणार्थ, दारोदार गोड मागताना म्हणायचं 'ट्रिक ऑर ट्रीट' हे वाक्य कॅनडातल्या बातम्यांत दिसायला लागतं ते विसाव्या शतकात.

खरी सरमिसळ झाली नाही असं मात्र नाही, आणि जिथे झाली तिथे कागद बोलतात. पोप ग्रेगरी पहिला याने ६०१ मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला लिहिलं : देवळं पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा. लोक बैल कापतात ते कापू देत, पण ते देवाचे आभार मानून खाण्यासाठी, आणि चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून सण करू देत. नॉर्वेचा राजा होकोन याने दहाव्या शतकात यूल हा जुना हिवाळी सण ख्रिस्तजन्माच्या दिवसावर सरकवला आणि प्रत्येकाने ठरावीक मापाच्या माल्टची बिअर करून ती पुरेल तोवर सण पाळावा असा नियम केला, असं तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी सांगतो.

आजच्या धार्मिक वादात दोन्ही बाजू शास्त्रवचनं देतात, आणि दोन्ही प्रामाणिकपणे देतात. हॅलोविन नको म्हणणारे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा अठरावा अध्याय दाखवतात : शकुन बघणं, मृतांना विचारणं निषिद्ध. यहोवाचे साक्षीदार हॅलोविनच काय, नाताळही पाळत नाहीत. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या त्या संध्याकाळी हंगामाचा उत्सव ठेवतात. पॅरिसच्या कॅथलिकांनी २००२ मध्ये मुलांना भुतांऐवजी संतांची सोंगं देणारा 'होलीविन्स' सुरू केला. हरकत नसणारे रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढतात, एक जण एक दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा, मूर्तीच्या नैवेद्याबद्दलचा. हा आठवा अध्याय मराठी ख्रिस्ती माणसाला परका नाही. शेजारून आलेल्या प्रसादाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे वर्षातून किती वेळा दारात येतो.

आपल्याच किनाऱ्यावर या प्रश्नाची दोन टोकं घडली आहेत. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला छापलं गेलं. बायबलची कथा, पण ओवीत आणि पुराणाच्या थाटात. १७३६ मध्ये त्याच गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून धर्मांतरितांच्या अंगणातली तुळस, लग्नातल्या ओव्या, धोतर आणि चोळीसुद्धा बंद केली. तरी नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याचा 'रोस' गोव्यात टिकला, आणि मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या लग्नांत उंबराचं पाणी अजून आणतात. त्यांना कुणी पेगन म्हणायला आलं तर त्या घरातल्या बायका काय उत्तर देतील याची कल्पना करणं अवघड नाही. मला प्रथेचं मूळ महत्त्वाचं वाटतं, पण आज ती करणारा कशासाठी करतो हे जास्त.

ज्यांना जुन्या पद्धतीचा हॅलोविनचा दिवा करून बघायचाय त्यांच्यासाठी. भोपळा अमेरिकेतला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये शलगमाच्या जातीचा पिवळसर, टणक कंद कोरत, इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये गुरांना घालायचं मोठं बीट. आपल्याकडे मोठ्यात मोठा शलगम किंवा नवलकोल घ्या, निदान १२ सेंटीमीटर रुंदीचा, त्याहून लहान असेल तर मेणबत्ती मावत नाही. बुडखा सपाट कापा, नाहीतर तो गडगडतो. वरची २ सेंटीमीटरची चकती झाकण म्हणून बाजूला ठेवा. आतला गर सुरीने आधी चौकटीत चिरा आणि मग धारदार काठाच्या चमच्याने काढा. थेट चमचा घातला तर चमचाच वाकतो. भिंत एक सेंटीमीटर ठेवा : जाड राहिली तर उजेड बाहेर येत नाही, पातळ झाली तर तोंड कोरताना तडकते. झाकणाला बोटभर भोक पाडा, नाहीतर ज्योत हवेअभावी विझते आणि आतून करपट वास सुटतो. दात कोरताना कंदाची साल पूर्ण काढू नका, नुसती खरवडा, त्या जागी उजेड मंद तांबूस दिसतो.

पहिल्या रात्री चेहरा नुसता वेडावाकडा दिसतो. पाच-सहा दिवसांत कंद वाळून आकसतो, ओठ आत ओढले जातात, डोळ्यांच्या खाचा तिरप्या होतात. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात अशा एका दिव्याची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे, मूळ दिवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. दातांसकट.